गाडी दर उन्हाळ्यात पुन्हा तापते? सोलापूरच्या उन्हात खरा दोष असा शोधा

रेडिएटर बदलून झाला, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) नवी बसवली, कुलंट भरलं, तरी मार्च सरला की काटा पुन्हा लाल पट्टीकडे सरकतो. सोलापुरात ही तक्रार इतकी नेहमीची झाली आहे की बरेच जण ती उन्हाच्या नावावर टाकून गप्प बसतात. पण त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाड्या न तापता धावत असतात. म्हणजे दोष गाडीतच आहे. हिवाळ्यात तो झाकलेला राहतो आणि पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की उघडा पडतो. एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा उष्णतेचा हिशेब मांडला तर तो नेमका सापडतो. हिशेब अवघड नाही, शाळेतल्या गणिताइतकाच आहे.

त्याआधी एक काळजी घ्या. गरम इंजिनवर रेडिएटरचं किंवा कुलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं पाणी असतं. झाकण सैल होताच त्याची वाफ होते आणि ते थेट तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला कोमट लागेपर्यंत आणि दाबल्यावर मऊ वाटेपर्यंत थांबा, मग अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून जाळीजवळ हात घालण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा.

उष्णता येते किती आणि जाते किती

इंधन जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळ एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा कुलंटमध्ये उतरतो. मध्यम आकाराची गाडी नुसती उभी चालू असेल तर चार-पाच किलोवॅट उष्णता पाण्यात जाते. तीच गाडी माणसांनी भरून, एसी लावून तुळजापूरच्या घाटात चढवली तर हा आकडा तीस किलोवॅट किंवा त्याच्याही पुढे जातो.

ही उष्णता बाहेर टाकण्याची रेडिएटरची ताकद दोन गोष्टींवर ठरते. एक, जाळीतून किती हवा आणि किती पाणी फिरतं. दोन, पाण्याच्या आणि हवेच्या तापमानात फरक किती आहे. पुण्यातल्या ३० अंशांच्या संध्याकाळी कुलंट ९५ वर असेल तर फरक ६५ अंशांचा. सोलापुरात दुपारी हवा ४३ वर असेल तर फरक ५२ चा. रेडिएटर तोच, फॅन तोच, पण उष्णता टाकण्याची ताकद एकदम वीस टक्क्यांनी कमी. त्यात एसी चालू असेल तर हवा आधी कंडेन्सरमधून, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीतून, गरम होऊन रेडिएटरवर येते. तिथं ती दहा अंशांनी तापली असं धरलं तर फरक ४२ वर आला, म्हणजे ताकद पुण्याच्या मानानं पस्तीस टक्क्यांनी घटली. कंपन्या गाडी डिझाइन करताना ही तूट धरूनच रेडिएटर बसवतात. पण ती राखीव ताकद चोक झालेल्या जाळीनं, क्षारानं किंवा दमलेल्या फॅननं आधीच खाल्ली असेल तर उन्हाला तोंड द्यायला काही उरत नाही.

आता वेळेचं गणित. सहा लिटर कुलंट आणि त्याच्याबरोबर तापणारा इंजिनाचा धातू मिळून एक अंश वर जायला अंदाजे सत्तर किलोजूल लागतात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या उष्णतेत तीन किलोवॅटची तफावत असली तर एक अंश चढायला वीस-पंचवीस सेकंद. म्हणजे ९५ वरून ११० वर जायला सहा मिनिटांच्या आसपास. सात रस्त्याला किंवा आसरा चौकात गर्दीत अडकल्यावर पहिली काही मिनिटं सगळं ठीक असतं आणि मग काटा उठतो, त्याचं कारण हेच. गाडी ‘अचानक’ तापत नाही, तूट पहिल्या मिनिटापासून साचत असते.

तापते कधी, हे आधी लिहून काढा

माझ्या मते निदानाचं निम्मं काम इथंच होतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. गॅरेजमध्ये आपण ‘गाडी तापते’ एवढंच सांगतो. मेकॅनिक मग त्याच्या अनुभवाप्रमाणे सवयीच्या भागाला हात घालतो. कुठं, किती वेगात, एसी चालू की बंद, सुरू केल्यापासून किती वेळानं, हे सांगितलं तर संशयित दोन-तीनवर येतात.

उभ्या गाडीत किंवा रांगत चालताना तापते आणि पुणे रोडला साठ-सत्तरनं सोडली की काटा खाली येतो? मग वेगानं मिळणाऱ्या हवेनं काम भागतंय, म्हणजे पाणी नीट फिरतंय. दोष हवेच्या बाजूला आहे: फॅन, त्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच), त्याच्याभोवतीची कवटी, कंडेन्सर आणि रेडिएटरमधली धूळ.

याच्या उलट गावात ठीक, पण हैदराबाद रोडला वेग धरला की तापते? तिथं हवेला तोटा नाही. पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून बुजलाय. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) अर्धवट उघडतोय का, वॉटर बॉडीचा पंखा झिजलाय का किंवा शाफ्टवर घसरतोय का ते बघा. खालचा होज तर नक्की बघा. पंप जोरात ओढायला लागला की जुना, मऊ पडलेला खालचा होज आत चिपकतो आणि पाण्याची वाटच बंद होते. उभ्या गाडीत तो होज अगदी व्यवस्थित दिसतो. बॉनेट उघडून, गरम इंजिन कोणाला तरी तीन हजार आरपीएमवर धरायला सांगा आणि लांबून त्याच्याकडे बघा.

फक्त चढावर तापत असेल तर एकंदर ताकद कमी पडतेय, कारण अनेक असू शकतात. ब्रेक धरून राहणं आणि क्लच घसरणं हेही त्यात येतं, कारण इंजिन जास्त राबलं की पाण्यात उष्णताही जास्त येते. सकाळी थंड गाडी सुरू करून चार-पाच मिनिटांतच तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलाय, आत हवा कोंडलीय किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या (हेडच्या) सांध्यातली पट्टी, गेलंय.

डॅशबोर्डच्या काट्यावर मात्र फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे ८५ आणि १०३ मधला फरक तो दाखवतच नाही. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. गेल्या दहा वर्षांतल्या जवळपास सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनाची माहिती वाचण्याचं, सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा स्वस्त रीडर लावला की मोबाइलवर कुलंटचं खरं तापमान एकेका अंशानं दिसतं, आलेखही निघतो. रेडिएटर बदलण्याच्या खर्चाच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे, आणि आधी हाच करावा.

दोन होज, एक थर्मामीटर

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, फॅन चालू असताना, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजचं तापमान घ्या. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं दाखवतं, म्हणून रबरावरच रोखा.

फरक खूप मोठा असेल, वीस-पंचवीस अंश किंवा जास्त, तर पाणी फार सावकाश फिरतंय: थर्मोस्टॅट, पंप किंवा बुजलेल्या नळ्या. दोन्ही होज जवळपास सारखेच कडक गरम असतील तर पाणी भरपूर फिरतंय, पण जाळी त्यातली उष्णता काढून घेत नाहीये: हवेची बाजू. वरचा गरम आणि खालचा चक्क गार असेल तर थर्मोस्टॅट उघडलेलाच नाही, किंवा आत हवेचा फुगा अडकलाय. जाळीवरही आडवंउभं फिरवून बघा. मधेच एखादा गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

जाळी बाहेरून स्वच्छ आहे, म्हणून फसू नका

समोरून दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे असतो आणि दोघांमधल्या बोटभर फटीत धूळ, किडे, वाळकी पानं जमून नमद्यासारखा थर बसतो. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ बारीक असते, पहिल्या पावसाच्या शिंतोड्यांत ती चिकटते आणि उन्हात वाळून घट्ट होते. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांच्या गल्ल्यांत उभ्या राहणाऱ्या टेम्पोंत तर कापसाचा तूसही त्यात गुंतलेला सापडतो. वॉशिंग सेंटरवर पुढून कितीही पाणी मारलं तरी तो थर निघत नाही, उलट आणखी आत दाबला जातो. कंडेन्सर सैल करून पुढे ओढायचा आणि रेडिएटर इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं धुवायचा, बेताच्या दाबानं. जोराच्या फवाऱ्यानं फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) आडव्या पडल्या तर स्वच्छ जाळीसुद्धा हवा जाऊ देत नाही.

अपघातानंतर पुढचा बंपर बदललेल्या गाड्या परत परत तापतात, त्याचं एक कारण फारसं कोणी सांगत नाही. रेडिएटरच्या कडांना फोमच्या किंवा रबरी पट्ट्या असतात, खाली प्लास्टिकचं कव्हर असतं. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात ते बसवायचं राहून जातं किंवा ‘निरुपयोगी’ म्हणून टाकून दिलं जातं. मग उभ्या गाडीत फॅननं मागे फेकलेली गरम हवा कडेनं आणि खालून वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि फॅन तीच परत ओढतो. बाहेर ४२ अंश असताना जाळीवर येणारी हवा ५५ ची झालेली असते. इथं फॅन बदलून, रेडिएटर बदलून काहीही होणार नाही. चार पट्ट्या आणि एक कव्हर लावलं की गाडी बरी होते.

पाणी: सोलापूरचा खरा प्रश्न

नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी बोअर. बेसाल्ट खडकातून येणारं हे पाणी जड, क्षाराचं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तसाच तो इंजिनाच्या आत बसतो, कारण रसायन तेच आहे: पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बोनेट होऊन धातूवर धरतं. आणि ते सगळ्यात आधी धरतं सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडमध्ये, एक्झॉस्ट वॉल्वच्या आसपास. अॅल्युमिनियम या थरापेक्षा शंभरपट चांगली उष्णता वाहून नेतं. अर्धा मिलिमीटरचा थर पाणी आणि धातूमधला अडथळा दुप्पट किंवा त्याहून जास्त करू शकतो.

इथं एक बारकावा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. क्षार रेडिएटरमध्ये बसला तर पाण्याचं तापमान वाढतं आणि काट्यावर दिसतं. क्षार हेडमध्ये बसला तर धातू तापतो, पण उष्णता पाण्यात उशिरा उतरते, म्हणून सेन्सर नेहमीचाच आकडा दाखवत राहतो. गाडी ‘ठीक’ असते आणि हेडला मात्र तडा जात असतो. सेन्सर पाणी मोजतो, धातू मोजत नाही.

रस्त्यात पाणी कमी झालं म्हणून बिसलरीची बाटली ओतणं ही अडचणीतली सोय झाली, तिला हरकत नाही. पण दर आठवड्याला बोअरचं पाणी टाकणं म्हणजे दर आठवड्याला क्षाराचा नवा डोस. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार आतच राहतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि त्यात गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कुलंट सांगितलेल्या प्रमाणात. इथं पाणी गोठायची भीती नाही, म्हणून कुलंट कशाला, असं पुष्कळजण विचारतात. कुलंटमधली गंजरोधकं आणि त्यानं वाढणारा उत्कलनबिंदू, या दोन्हींची गरज सोलापुरात काश्मीरपेक्षा कमी नाही. उलट जास्त घट्ट कुलंट ओतणंही चूक आहे. कुलंटमधलं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहू शकत नाही, त्यामुळे निम्म्याच्या फार पुढे गेलात तर गाडी आणखी तापेल. रंग बघून कुलंट मिसळू नका. हिरवं-हिरवं एकच असतं असा काही नियम नाही, आणि न जुळणारी रसायनं एकत्र आली की आत लगदा धरतो.

जुन्या पितळी रेडिएटरला रॉडिंग करून, म्हणजे आत सळई घालून, नळ्या मोकळ्या करता येत. आताचे अॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर रॉडिंगला टिकत नाहीत. आणि संडास साफ करायचं अॅसिड घालून ‘फ्लशिंग’ करणारे भेटले तर गाडी तिथून काढा. ते अॅसिड क्षाराबरोबर अॅल्युमिनियमही खातं.

आता झाकण. दीड-दोनशे रुपयांचा हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथं उघडं साधं पाणी ९८-९९ अंशांनाच उकळतं. ०.९ बारचा दाब आत धरून ठेवणारं चांगलं झाकण तेच पाणी ११८ च्या आसपासपर्यंत उकळू देत नाही, आणि निम्मं कुलंट असेल तर ही मर्यादा सव्वाशेच्या घरात जाते. आता समजा घाटात कुलंट १०६ वर स्थिरावलं. कुलंट आणि झाकण चांगलं असेल तर अजून वीसेक अंश हातात आहेत आणि गाडी आरामात तुळजापूरला पोचेल. साधं पाणी आणि रबर कडक झालेलं झाकण असेल तर तमालवाडीच्या पुढे चढ लागताच पाणी बाहेर. गाडी तीच, घाट तोच. रेडिएटर बदलण्याआधी झाकण बदला, छापलेल्या आकड्याचंच.

‘थर्मोस्टॅट काढून टाका’

“आपल्याकडं थंडी कुठं पडतीय? थर्मोस्टॅटचं इथं कामच नाही, काढून टाकू.” हा सल्ला इथं इतक्या सहज दिला जातो की त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं.

थर्मोस्टॅट हा इंजिनाच्या तापमानाचा नियंत्रक आहे. पितळी कुपीत मेण असतं, ते ८२ ते ८८ अंशांच्या आसपास वितळून फुगायला लागतं आणि झडप हळूहळू उघडतं. पुढच्या दहा-पंधरा अंशांत ती पूर्ण उघडते. म्हणजे जितकी गरज तितकंच पाणी रेडिएटरकडे. पण पुष्कळ इंजिनांत या झडपेला दुसरी चकतीही असते. पहिली रेडिएटरची वाट उघडते तेव्हा दुसरी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतो, आणि भर उन्हात घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. मालक म्हणतो, “थर्मोस्टॅटसुद्धा काढला, आता काय उरलं?” उरलेला दोष तोच काढलेला थर्मोस्टॅट असतो.

ज्या इंजिनांत बायपास असा नाही, तिथं उलटा त्रास. हायवेवर इंजिन सत्तर अंशांपर्यंतच तापतं, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंड आहे आणि तो जास्त इंधन सोडत राहतो. अॅव्हरेज पडतं, ऑइल घट्ट राहतं, बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ होण्याचं चक्र अडतं. स्कॅनरला पी ०१२८ हा कोड दिसला तर इंजिन ठरल्या तापमानाला पोचत नाहीये, हे समजा.

शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत लटकवा आणि गॅसवर ठेवा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत सात-आठ मिलिमीटर तरी उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा टाका. काही नव्या गाड्यांत मेणाच्या कुपीत छोटा हीटर असतो आणि ईसीयू त्याला हुकूम देतो. हलक्या चालीत तो मुद्दाम कुलंट १०५ पर्यंत जाऊ देतो आणि जोर लागला की लवकर उघडतो. अशा गाडीत १०४ बघून घाबरू नका, आधी पुस्तक बघा.

फॅन आणि त्याचा हुकूम

फॅन साधारण ९६-९७ ला हळू वेगात सुरू होतो, तीन-चार अंश खाली आल्यावर बंद होतो आणि १०१-१०२ ला जोरात फिरतो. आकडे गाडीगणिक वेगळे, पद्धत तीच. सुरू आणि बंद होण्यात अंतर ठेवलेलं असतं, नाहीतर रिले दर सेकंदाला टकटक करत राहील. म्हणून उभ्या गाडीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसला तर ते निरोगी लक्षण आहे. दात्यांची टोकं सारख्या उंचीवर राहिली तर फॅन काम निभावतोय. प्रत्येक टोक आधीच्यापेक्षा वर चढत असेल तर ताकद कमी आहे. आणि काटा बराच वर जाऊन, मग फॅन एकदम गर्जना करून सुरू होऊन काटा झपकन खाली येत असेल, तर हळू वेगाचा रेझिस्टर जळालाय, फक्त जोराचा वेग शिल्लक आहे. हा दोष वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या गाड्या भरपूर आहेत.

एसी लावला की बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत फॅन सुरू व्हायला हवा. नाही झाला तर फ्यूज, रिले, वायर, मोटर या क्रमानं बघा. फिरतोय म्हणजे चांगला, असं मात्र धरू नका. ब्रश झिजलेली मोटर थंड असताना फिरते आणि गरम झाली की मंदावते. अर्थिंग गंजलं असेल तर साडेतेरा व्होल्टऐवजी मोटरला साडेदहाच मिळतात आणि हवा वीसेक टक्क्यांनी घटते. मल्टिमीटर बॅटरीवर लावून उपयोग नाही, फॅन चालू असताना त्याच्याच कनेक्टरवर लावा. मोटर बदलल्यानंतर तापायला लागली असेल तर जाळीसमोर कागद धरा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. ढकलला जात असेल तर मोटरच्या वायरी उलट जोडल्यात.

बोलेरोसारख्या गाड्यांत आणि ट्रकमध्ये इंजिनावरच विस्कस कपलिंगचा फॅन असतो, म्हणजे आतल्या घट्ट सिलिकॉन तेलाच्या जोरावर फिरणारा. इंजिन गरम करून बंद करा, किल्ली काढा, हातानं फॅन फिरवा. घट्ट लागला पाहिजे. एका झटक्यात दोन-तीन फेरे मारत असेल तर कपलिंग मेलं.

सेन्सर फसवतो तो एका खास वेळी: पाणी कमी असताना. सेन्सरचं टोक पाण्याबाहेर हवेत किंवा वाफेत राहिलं की तो कमी तापमान सांगतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून फॅन सुरूच करत नाही, आणि इंजिन मात्र जळत असतं. काटा मध्यावर, पण हीटर लावल्यावर गार हवा आणि बॉनेटमधून जळका वास, असं झालं तर गाडी जागेवर बंद करा. कुलंट बदलल्यावर हवा नीट काढली नसेल तरीही हेच होतं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं तोंड चढावर घ्या, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत सोडा.

पाणी कुठंच गळत नाही, तरी कमी होतं

हेड गॅस्केटची चाचणी थंड इंजिनवर घ्या. सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तो दाब वाफेचा नाही, पाणी अजून तापलेलंच नाही. तो सिलिंडरचा गॅस आहे. निळं द्रावण असलेलं गॅस टेस्टर टाकीच्या तोंडावर धरलं आणि द्रावण पिवळं झालं तर खात्री झाली. हा गॅस पाणी बाहेर ढकलतो, पाणी कमी झालं की गाडी तापते, आणि तापली की गॅस्केट आणखी जातं. या चक्रात रेडिएटर दोनदा बदलूनही काही साधत नाही. हेड उघडलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) त्याचा सपाटपणा समोर उभं राहून मोजून घ्या. नुसतं नवं गॅस्केट टाकून बेंड हेड बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी त्याच गॅरेजसमोर उभी दिसेल.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडक्यात. ज्वारीच्या मळणीला ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी पूर्ण जोरात चालतो, वाऱ्याची मदत शून्य आणि भुसाचा ढग थेट जाळीवर. ऊस वाहतुकीत पाचट तसंच. दर दोन-अडीच तासांनी इंजिन बंद करून, फॅन थांबल्यावर जाळी झटका, आणि तोंड वाऱ्याकडे राहील असं यंत्र लावा.

दुरुस्ती खरी झाली का, हे जानेवारीतच कसं कळेल

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुरुस्त केलेली गाडी गॅरेजमधून ‘एकदम ओके’ होऊन निघते आणि एप्रिलमध्ये परत येते. हवा २४ अंशांवर असताना जवळपास कोणतीही गाडी चाचणीत पास होईल. म्हणून नुसतं कुलंटचं तापमान बघू नका, त्यातून बाहेरच्या हवेचं वजा करा.

भरलेली गाडी, एसी चालू, ठरलेला चढ, ठरलेला गिअर. वर पोचेपर्यंत ओबीडीवरचा सगळ्यात मोठा आकडा लिहा. समजा जानेवारीत हवा २४ आणि कुलंट ८९. फरक ६५. मे महिन्यात हवा ४३ असेल तर कुलंट फार तर १०८ वर जाईल, बहुधा त्याच्याही खालीच, कारण थंडीत थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला नव्हता आणि फॅनही पूर्ण जोरात नव्हता. ही गाडी उन्हाळा काढेल. पण त्याच थंडीत कुलंट १०० वर गेलं असेल तर तोपर्यंत थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असतो, ताकदीत राखून ठेवलेलं फारसं काही नसतं. फरक ७६, मे महिन्याचा अंदाज ११९. अशा गाडीचं बिल भरू नका, ती अजून दुरुस्त झालेली नाही. हा फरक सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्याच चढावर पुन्हा काढा. तो आठ-दहा अंशांनी वाढलेला दिसला की काटा हलायच्या आधीच जाळी, झाकण आणि कुलंट बघायला घ्या.